झाडलेला माळ

करगुंडीचा माळ बावीस एकरांचा. वळसंग मागं टाकून अक्कलकोटच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला एक फाटा फुटतो. त्या फाट्यानं कंटाळा येईपर्यंत चालावं, मग गाव लागतं. गाव संपलं की माळ. देवानं सगळ्या मुलखाची माती चाळली आणि चाळणीत जे उरलं ते इथं झटकलं, असं म्हणतात. एकानं पूर्वी तिथं नांगर घालून बघितला. संध्याकाळपर्यंत फाळ झिजून त्याची सुरी झाली. त्या सुरीनं त्याची बायको पुढं वीस वर्षं वांगी चिरत होती. वांगी मी खाल्लेली आहेत.

तर असल्या माळावर कुणाचा डोळा असायचं कारण नव्हतं. सरकारी गायरान. कुसळाचं गवत, मधेमधे बोरी आणि तरवड. त्यावर मायाप्पाची मेंढरं चरायची. आधी त्याच्या बापाची, त्याच्या आधी आज्याची. आता एकशे चाळीस होती, त्यांच्यामागं माणसं चार : मायाप्पा, त्याची बायको बनाबाई, लेक भारत आणि सून विजयमाला. विजयमाला दहावी झालेली होती, त्यामुळं घरात आलेला कागद आधी तिच्या हातात जायचा, औषधाच्या बाटलीवरचा सुद्धा.

दिवाळी झाली की हे घर चालायला लागायचं. मोहोळावरून वर, जेऊरच्या पलीकडं भीमेच्या पाण्यापर्यंत. वाटेतले शेतकरी मेंढरं रानात बसवून घ्यायचे, लेंडीचं खत व्हायचं, हे दाणे घेऊन पुढं सरकायचे. ज्येष्ठात माघारी. पेरण्या झाल्या की कुणी रानाच्या बांधाला पाय लावू देत नाही, मग चार महिने हा माळ. आठ महिने सगळा जिल्हा त्यांचा आणि चार महिने एवढा तुकडा. पण हा तुकडा नसला तर त्या आठ महिन्यांचा काही उपयोग नव्हता. मेंढरू चार महिने हवेत टांगून ठेवता येत नाही.

त्या वर्षी ते माघारी आले तेव्हा पाऊस नव्हता. मृग कोरडा गेला होता. लोकांनी धूळपेरण्या केल्या होत्या आणि आभाळाकडं बघायचं सुद्धा सोडून दिलं होतं. विजयमाला गिरणीत दळण घेऊन गेली, तर शेजारच्या चावडीच्या भिंतीवर एक नकाशा डकवलेला. उन्हानं त्याचे कोपरे वळले होते. सगळ्या तालुक्याच्या जमिनी रंगवलेल्या : शेती पिवळी, गावठाण तांबडं. आणि गावाच्या अंगाला एक तुकडा वांग्याच्या सालीच्या रंगाचा. तिनं बोट ठेवून ओढा शोधला, ओढ्यावरून वाट शोधली, आणि बोट त्या तुकड्यावर गेलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : घनकचरा प्रक्रिया केंद्र, अकरा गावांसाठी. सध्याचा वापर : पडीक. हरकत असल्यास साठ दिवसांत कळवावी. साठातले एकोणपन्नास दिवस ती जेऊरकडं होती.

घरी येऊन तिनं पीठ डब्यात ओतलं, हात झटकले आणि मग सांगितलं. मायाप्पा घोंगड्याची दशी ओवत होता. त्यानं विचारलं, की पडीक म्हणजे काय. तिनं सांगितलं, जिथं कुणी काही करत नाही ते.

"मग आमी काय करतो तितं?" मायाप्पा म्हणाला.

विजयमाला तशीच उठून चिंतामणी मास्तरांकडं गेली.

मास्तर हे गावातलं जोशाचं एकच घर. शाळेतून सुटले तरी गावाचे अर्ज त्यांच्याच हातचे. त्यांचा अर्ज इतका नेटका असायचा, की एकदा तहसीलदारानं मंजुरी दिली आणि वर अर्जाचीच एक प्रत स्वतःसाठी मागून घेतली. मास्तरांनी चष्मा लावून सगळं ऐकलं. शेवटी चार कलमी हरकत लिहिली : सदर गायरानावर अर्जदाराचे कुटुंब तीन पिढ्या मेंढपाळी करते, वर्षातले चार महिने दुसरी चराई नाही, सबब आरक्षण हलवावे. हलवायचं कुठं, हे सुद्धा लिहिलं. माळाच्या पलीकडं खडीची जुनी खाण होती, दहा वर्षं बंद, तिथं गाव असाही कचरा टाकतच होतं. मायाप्पानं सही केली. त्याला सही येत होती, फक्त तिला वेळ लागायचा. भारत एसटीनं सोलापूरला जाऊन अर्ज देऊन, शिक्का मारून आला.

आषाढात सुनावणी लागली. मास्तर लेकीकडं पुण्याला गेले होते, म्हणून मायाप्पा आणि विजयमाला गेले. ऑफिसच्या दारात शिपायानं काठी बाहेर ठेवायला लावली. घोंगडंसुद्धा. मायाप्पा पंचेचाळीस वर्षांत काठीशिवाय उभा राहिलेला नव्हता. आत दोनशे माणसं, छताला पंखे, नंबरानं हाका. त्याचा नंबर आला तेव्हा तो टेबलासमोर उभा राहिला आणि उजव्या हाताचं काय करावं हे त्याला कळेना. हात आपोआप छातीपाशी येऊन मुठीत वळायचा, जसं काही धरलंय. टेबलामागच्या साहेबाला वाटलं, हा कसली घोषणा देणार आहे. तो म्हणाला, शांतपणे बोला.

बोलली विजयमाला. तीन मिनिटं दिली होती, तिचं दोन मिनिटांत संपलं. टेबलाच्या कडेला एक बाई होत्या, निवेदिता मॅडम, त्यांच्याकडं दक्षिण भागाचा नकाशा होता. त्यांनी कागद शोधला, पूर्ण वाचला आणि नीट समजावून सांगितलं. हरकत चांगली आहे. खाणीचा पर्याय होण्यासारखा आहे. पण नकाशा करताना आमच्या माणसांनी माळ बघितला तो फाल्गुनात, तेव्हा तिथं काही नव्हतं, म्हणून पडीक लिहिलं. आता मी स्वतः येऊन बघेन. चराई होते असं दिसलं, की तसा अहवाल देईन, माळ मोकळा राहील. त्यांनी तारीखही तिथंच लिहून दिली, श्रावणातला दुसरा गुरुवार.

"म्हंजे तुमी येणार," मायाप्पानं खात्री करून घेतली. "आमच्याकडं."

"हो काका. अकराच्या सुमाराला येईन."

परतीच्या एसटीत तो एवढंच बोलला, की बाई चांगल्या घरातली आहे.

आता इथं दोन वर्षांमागची एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं तुम्ही खरं धरणार नाही. दोन वर्षांमागं जनावरांचा डॉक्टर लस टोचायला माळावर आला होता. पावसाची झड होती, वाघरीत, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या कुंपणात, लेंड्यांचा आणि मुताचा चिखल झाला होता. डॉक्टरचे बूट नवे होते. त्यानं नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, असल्या घाणीत तुम्ही माणसं राहता कशी, आधी हे साफ करा, मग मला बोलवा. पन्नास मेंढरांना टोचलं आणि तो गेला. परत बोलवायला भारत चार वेळा गेला, डॉक्टर पाचव्यांदा सापडला. मधल्या काळात तेवीस मेलेली होती. बनाबाईनं त्याचा दोष डॉक्टरला कधी दिला नाही. ती म्हणायची, दोष आपला, साहेब माणूस येणार हे ठाऊक असून आपण झाडून घेतलं नाही.

म्हणून गुरुवार तीन दिवसांवर आला तसा तिनं खराटा काढला.

मेंढरं तीन दिवसांपुरती भारतनं ओढ्यात नेली. पहिल्या दिवशी वाघरीची जागा. जाळ्या सोडल्या, गुंडाळल्या, खुंट उपटले, खुंटांची भोकं मुरमानं बुजवली. मग तिथं दोन महिन्यांचा लेंड्यांचा थर होता, वीतभर जाड, वरून सुकलेला आणि आत ऊन. मायाप्पा फावड्यानं तो सोलून काढायचा, विजयमाला पाटीत भरायची, बनाबाई डोक्यावर नेऊन बांधापलीकडं ओतायची. तिथं महादेवप्पाची ट्रॉली उभी होती. महादेवप्पाचं रान माळाला लागून, मेंढरं बसवून घेणारं पहिलं गिऱ्हाईक तोच. त्याला सगळी लेंडी फुकट मिळत होती, म्हणून त्यानं का म्हणून विचारलं नाही. एवढंच म्हणाला, की यंदा तुम्ही फार दानशूर झालाय.

दुसऱ्या दिवशी मोकळा माळ. पाऊस नसल्यानं जमीन तव्यासारखी होती आणि पडलेली लेंडी न् लेंडी जागच्या जागी वाळून बसलेली. तिघंजण ओळीनं वाकून निघाले. खराट्याला येत नव्हतं ते बोटांनी उचललं. बनाबाईच्या कमरेत दुपारी काहीतरी सरकलं, तशी ती बसून सरकत राहिली, पण थांबली नाही. बावीस एकर माळ तीन माणसांनी वेचला. सोलापुरातली चादर झटकून घडी घालावी तसा तो स्वच्छ झाला. चिमणी दाणा शोधायला उतरली तर पाय पुसून उतरत होती, असं महादेवप्पा अजून सांगतो, आणि तो वीरशैव माणूस आहे, गळ्यात लिंग आहे, खोटं बोलणार नाही.

तिसऱ्या दिवशी भारतनं गावातल्या टाकीवरून पिंपानं पाणी आणून वाटांवर शिंपडलं. रोज मेंढरं जातात तिथं खुरांनी धुळीत पन्हळी पडल्या होत्या. त्या ओल्या करून तुडवल्या, वरून खराटा मारला. मेंढरांना पाणी पाजायच्या दगडाच्या दोण्या घासून पालथ्या घातल्या. विजयमालानं बोरीच्या काट्यांत अडकलेली लोकर वेचली, एकेक झुबका. तिच्या हातांवर बारीक ओरखडे उठले. तरवडाच्या एका झुडपापाशी ती थांबली आणि सासूला म्हणाली,

"आत्या, त्यांना मेंढरं दिसाय नकोत व्हय?"

"मेंढरात काय बघायचंय गं. मेंढरं सगळीकडं सारकीच."

"पण त्या बघायला येणार त्येच की."

बनाबाईनं कमरेला हात लावून तिच्याकडं बघितलं. "कागदात लिवलंय न्हवं मास्तरांनी? कागद हाय त्यांच्याजवळ. त्यांना आता आमची चाल बघायची हाय. घाणेरडी माणसं म्हणून गेली तर कोण ठिवतंय आपल्याला हितं?"

मायाप्पानं दुरून हे ऐकलं आणि मान हलवली. त्याला ते पटलं होतं. विजयमालालासुद्धा ते निम्मं पटलं, आणि उरलेलं निम्मं बोलायला अंगात ताकद नव्हती. तिनं तरवडावरचा झुबका काढून पदरात टाकला.

गुरुवारी पहाटे भारत मेंढरं घेऊन महादेवप्पाच्या खालच्या रानाकडं गेला. ते नदीच्या अंगाला, तीन कोसांवर, चाऱ्यासाठी ऊस तोडून नेलेलं. वास नको आणि कुत्र्यांचं भुंकणं नको म्हणून कुत्रीही बरोबर. वाघरीच्या जागेवर बनाबाईनं शेणानं सारवलं, भोवती रांगोळी घातली, मधे खुर्ची ठेवली. खुर्ची महादेवप्पाच्या घरची.

अकराला जीप आली. निवेदिता मॅडम, नवा तलाठी आणि ड्रायव्हर. तलाठी सोलापुरात राहायचा, माळ त्यानं कागदावर पाहिलेला होता. मॅडमनी उन्हाची टोपी घातली होती. त्यांनी खुर्चीवर बसायला नको म्हटलं, पण बनाबाईचा चेहरा बघून दोन मिनिटं बसल्या. चहा प्यायल्या. मग उठून माळावर चालायला लागल्या, हातात मोबाइल, मोबाइलमध्ये नकाशा. चालता चालता त्यांचा वेग कमी होत गेला.

"काका, मेंढ्या बसतात कुठं?"

"हितंच की." मायाप्पानं सारवलेली जागा दाखवली. "आता तुमी बसला हुता तितं."

मॅडमनी तिकडं वळून बघितलं. रांगोळीचा फोटो काढावा की काढू नये, हे त्यांना ठरवता येईना. "आणि मेंढ्या?"

"लांब नेल्यात. तुमाला वास यील म्हणून."

"लेंड्या वगैरे?"

"एक ठिवली न्हाय," मायाप्पा म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. "तीन दिस झाडतोय."

 मॅडमनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग त्यांनी हातातला फॉर्म बनाबाईला नव्हे, विजयमालाला दाखवला. त्यात तीन रकाने होते : प्रत्यक्ष दिसलेला वापर, जमिनीवरच्या खुणा, जागेवर काढलेले फोटो. ऐकीव माहितीचा रकाना नव्हता. शेजारी काय म्हणतो त्याचा नव्हता, तरी महादेवप्पानं येऊन चार वेळा सांगितलं. विजयमालानं आपल्या फोनमधले कोकरांचे फोटो दाखवले. मॅडम म्हणाल्या, यावर जागेची नोंद नाही, हे कोकरू कुठल्याही माळावरचं असू शकतं. त्यांच्या आवाजात रागही नव्हता. विजयमालाला वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिनं भारतला फोन लावला. फोन घरात चार्जिंगला वाजला, तो गावातून इथंपर्यंत ऐकू आला. तेव्हा तिनं चपला हातात घेतल्या आणि तीन कोसांच्या वाटेला लागली. पण मेंढरू माणसाच्या घाईनं चालत नाही. मॅडमना अजून तीन गावं होती आणि अहवाल उद्याच द्यायचा होता. तरी त्या थांबल्या. ड्रायव्हरनं दोनदा घड्याळ दाखवलं तरी थांबल्या. शेवटी म्हणाल्या,

"एक जरी मिळाली ना, तरी चालेल. जुनी असली तरी चालेल. मी फोटो घेते."

मग श्रावणातल्या कोरड्या उन्हात बावीस एकर माळावर पाच माणसं एक लेंडी शोधायला लागली. मायाप्पा, बनाबाई, मॅडम, तलाठी आणि ड्रायव्हर. महादेवप्पा बांधावरून दिशा दाखवत होता. तलाठ्याची इस्तरीची पँट गुडघ्यावर पांढरी झाली. बनाबाई सरकत, कण्हत, दगड उलटे करत चालली होती, आणि ज्या दगडाखाली काही सापडायला पाहिजे तो दगड तिनंच परवा उचलून पुसलेला होता. असा नेट लावून सोनं शोधलं असतं तर निघालं असतं. माझ्या समजुतीप्रमाणे थोडं निघालंही, पण कुणी खिशात घातलं नाही.

एक वाजता ड्रायव्हरला तरवडाच्या बुडाशी सापडल्या. पाच-सहा, एका जागी. सगळे धावले. मॅडम गुडघ्यांवर बसल्या, शेजारी पेन ठेवलं, वरून आणि आडवा असे फोटो काढले. पहिल्यांदाच त्या हसल्या. उठताना त्यांनी सहज विचारलं,

"काका, मेंढीच्याच ना?"

मायाप्पा खाली बसला. त्यातली एक उचलून तळहातावर घेतली. नखानं फोडली, आत बघितलं, नाकाशी नेली. तलाठी खाकरला. परत एकदा खाकरला आणि मायाप्पाच्या खांद्यावर हात ठेवून तो दाबला. बनाबाई नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. बांधावर महादेवप्पा उभा होता. चाळीस वर्षं तो या माणसाच्या शब्दावर रानात खत घेत आलेला, ही लेंडी कुठल्या चाऱ्याची, कोवळ्या जनावराची की थोराची, हे सगळं या तळहातावरून ऐकलेलं.

"सशाची हाय," मायाप्पा म्हणाला.

मग त्यानंच समजावून सांगितलं. "मेंढीची काळी असती, एका अंगाला दबलेली. ही गोल हाय बगा. आत गवताची काडी दिसती. सशाचीच."

मॅडमनी पेन उचललं. त्यानं सांगितलेलं त्यांनी शब्दाला शब्द लिहून घेतलं, कारण विचारलं त्यांनीच होतं. बनाबाईनं त्यांची ओटी भरली. नारळ, खण आणि मूठभर ज्वारी. मॅडम खण घेताना तिच्याकडं बघू शकल्या नाहीत. जीप गेली, धूळ उडाली, आणि स्वच्छ माळावर ती धूळ बसायला खूप वेळ लागला.

चारच्या सुमाराला भारत आणि विजयमाला मेंढरं घेऊन आले. मेंढरं दिवसभर उसाचा ओला पाला खाऊन आलेली. माळावर पाय टाकल्याबरोबर एकशे चाळीस मेंढरांनी एकदम शेपट्या उचलल्या. पाच वाजेपर्यंत माळ होता तसा झाला. मॅडमचा नंबर कुणी घेतलेला नव्हता, म्हणून विजयमालानं त्याचा फोटो काढून मास्तरांना पुण्याला पाठवला. मास्तरांनी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

रांगोळीवरून मेंढरं गेली. भारतनं खुंट पुन्हा ठोकले, जाळ्या बांधल्या. बनाबाईनं भाकरी थापल्या, कमर धरून.  मायाप्पा जेवला, हात धुतला आणि एका मेंढीच्या पायातला काटा काढत बसला. भारतनं फक्त एकदा म्हटलं, "आबा, व्हय म्हणाला असता तर." मायाप्पा म्हणाला, व्हय कसं म्हणू, सशाची होती. त्याच्या दृष्टीनं ते तिथं संपलं होतं.

दिवाळीनंतर ते चालायला लागले. वर्ष वाईट होतं, पण वर्ष वाईट असलं तरी पाय चालतात. मोहोळ गेलं, जेऊर गेलं. फाल्गुनात नकाशा कायम झाला असं कुणीतरी सांगितलं. कसा झाला, हे सांगणारा भेटला नाही. मास्तरांचा फोन लागत नव्हता. ज्येष्ठात ते माघारी आले. या खेपेला पाऊस वेळेवर होता, दोन चांगल्या सरी पडून गेल्या होत्या. पुढं चालणारी मेंढरं ओढा ओलांडून रोजच्या वाटेनं वर चढली आणि थांबली.

माळाला कुंपण होतं. सिमेंटचे खांब, तारेच्या पाच ओळी, काटेरी. वाटेवर लोखंडी फाटक आणि कुलूप. फाटकाशेजारी फलक, त्यावर एक प्राणी रंगवलेला. रंगवणाऱ्यानं कान लांब काढले होते, बाकीचं अंग त्याला जे येत होतं त्याचं, बहुतेक डुकराचं. विजयमालानं वाचलं : संरक्षित हरित क्षेत्र. ससा व इतर वन्य प्राण्यांचा अधिवास. चराई व प्रवेशास सक्त मनाई.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी, पुण्याहून आलेल्या मास्तरांनी, पूर्ण अहवाल वाचून दाखवला. हरकत अंशतः मान्य. कचरा केंद्र अर्जदाराने सुचवल्याप्रमाणे खाणीत. माळावर चराईच्या खुणा आढळल्या नाहीत. सशाचे अस्तित्व आढळले, त्यास स्थानिक जाणकाराने दुजोरा दिला. मास्तर थांबले. चष्मा काढून म्हणाले, "जाणकार म्हणजे तुम्हीच, मायाप्पा."

मायाप्पानं विचारलं, की कचरा तर आला नाही ना माळावर. मास्तर म्हणाले, नाही आला. मायाप्पा बरं म्हणाला.

आठ दिवस मेंढरं कुंपणाच्या बाहेर होती. आत गवत गुडघ्याला लागलं. त्या माळावर गुडघ्याइतकं गवत कुणी जन्मात पाहिलेलं नव्हतं. वारा आला की ते वाकायचं, आणि तारेच्या भोकांतून एकशे चाळीस तोंडं पुढं यायची. काट्यांनी नाकं फाटली. भारत सकाळ-संध्याकाळ नाकांना हळद लावत हिंडायचा. रानं पेरलेली होती. महादेवप्पानं दोन दिवस आपला बांध दिला, तिसऱ्या दिवशी म्हणाला, की मायाप्पा, तूर उगवली आहे. तो हे म्हणताना खाली बघत होता आणि खाली खरंच तूर उगवली होती.

नवव्या दिवशी सकाळी त्यांनी घोड्यावर सामान बांधलं. पोरासोरांना वाटलं, चुकून बांधलं. मेंढपाळ या दिवसांत येतो, जात नाही. कुठं जायचं हे ठरलेलं नव्हतं. भारत म्हणाला, मोठ्या रस्त्याच्या कडंनं सरकारी पट्टी असते, तिथं कुणी पेरत नाही, तिथं चारत चारत मोहोळाकडं सरकू. मोहोळाच्या पुढचं कुणी विचारलं नाही.

वळसंगाच्या अलीकडं समोरून मल्लप्पाचा कळप आला. मल्लप्पा शेजारच्या गावचा, मायाप्पाच्या वयाचा, दरवर्षी उशिरा माघारी येणारा. त्याच्या मेंढ्यांच्या पायांना यंदा खुरकूत झाली होती, म्हणून आणखी उशीर. दोन्ही कळप रस्त्यावर भिडले. मल्लप्पानं काठीवर हनुवटी टेकून विचारलं,

"उलटं कुटं निघालास रे?"

"जरा हिंडून येतो," मायाप्पा म्हणाला.

मल्लप्पानं घोड्यावरच्या सामानाकडं बघितलं. बनाबाईकडं बघितलं, ती दुसरीकडं बघत होती. त्यानं तंबाखूची डबी काढून दिली. मायाप्पानं चिमूट घेतली, डबी परत केली.

"पाऊस बरा हाय यंदा," मल्लप्पा म्हणाला.

"लई बरा हाय."

मल्लप्पानं शीळ घातली आणि त्याचा कळप करगुंडीच्या दिशेनं हलला. त्याबरोबर मायाप्पाची मेंढरं वळली. आधी म्हाताऱ्या मेंढ्या, मग त्यांच्यामागं सगळी. ज्येष्ठाचे दिवस होते, ओल्या मातीचा वास होता आणि समोरून जनावरं घराकडं चाललेली होती. मेंढराला यापेक्षा जास्त काही कळत नाही आणि कळावं लागतही नाही. बघता बघता दोन कळपांचा एक झाला आणि तो गावाकडं चालायला लागला.

चौघांनी ती वेगळी केली. पाठीवरच्या गेरूच्या खुणा बघून, एकेक. भारत कान धरून बाहेर ओढायचा, विजयमाला ढुंगणाला गुडघा लावून तोंड मोहोळाकडं फिरवायची, बनाबाई हात पसरून ती अडवून धरायची. फिरवलेलं मेंढरू हात सुटला की पुन्हा वळायचं. मल्लप्पाचे लोकही मदतीला आले. रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या, हॉर्न वाजवून निघून गेल्या. ऊन कललं तरी काम चाललं होतं. कळपातली सगळ्यांत म्हातारी मेंढी चौदा वेळा वळली. पंधराव्या वेळेला मायाप्पानं तिला उचलून खांद्यावर घेतलं, दोन पाय या हातात, दोन त्या, आणि तो पुढं चालायला लागला. तिचं तोंड त्याच्या पाठीकडं लोंबत होतं. ती मागं बघत ओरडत राहिली. तिच्या आवाजामागं बाकीची मेंढरं आली.